पट्टीवरचं नख

आमच्या धंद्यात गिऱ्हाइकाचं तोंड नंतर दिसतं, पाय आधी दिसतात. दिवसभर उकिडवं बसून जमीन घासणाऱ्याला मान वर करायला फुरसत कुठली? चाळीस वर्षं मी मोझॅकच्या जमिनी ओतल्या, घासल्या, दुरुस्त केल्या, आणि या काळात माणसं पायांवरून ओळखायला शिकलो. टाचांना भेगा असलेल्या बाईला घरात मदतीला कुणी नाही, हे मला सांगावं लागत नाही. घरातसुद्धा बूट घालून फिरणारा माणूस 'अजून किती दिवस?' हे दिवसातून चारदा विचारणार, हेही मी पैजेवर सांगतो.

मोझॅक म्हणजे काय, हे आता समजावून सांगावं लागतं, याचं मला वाईट वाटतं. आमच्या पनवेलमध्ये, उलव्यात, बघाल तिकडे नवी इमारत, आणि प्रत्येकीत तीच आरशासारखी लादी. चार माणसं येतात, दोन दिवसांत अख्खा फ्लॅट झाकून जातात. त्याला मी काम म्हणत नाही, अंथरूण घालणं म्हणतो. मोझॅकची जमीन जागेवरच तयार व्हायची. सिमेंटात रंग आणि संगमरवराची बारीक खडी कालवायची. आधी पितळेच्या पट्ट्या उभ्या रोवून जमिनीचे चौकोन पाडायचे आणि त्यांत ते मिश्रण ओतायचं. सिमेंट वाळताना आकसतं आणि चिरतं, ती चीर पट्टीपाशी थांबावी, म्हणून पट्ट्या. मग ते वाळलं की पाणी टाकत दगडाने घासायचं, आधी जाड दगडाने, मग बारीक, मग त्याहून बारीक, आतली खडी फुलासारखी वर दिसेपर्यंत.

माझे वस्ताद पनवेलच्या मोहल्ल्यातले रहीमचाचा. काम संपलं की ते डोळे मिटायचे, अंगठ्याचं नख पितळेच्या पट्टीवर आडवं ठेवायचे आणि या चौकोनातून त्या चौकोनात ओढायचे. नख जराही अडकलं की म्हणायचे, "नख अडला, काम झाला नाय, बेटा. पुन्हा घास." डोळ्यांवर त्यांचा भरवसा नव्हता. डोळ्याला चकाकी फसवते, नखाला नाही. त्यांच्या हाताखालून गेलेला प्रत्येक माणूस आजही काम संपलं की तेच करतो. माझ्या अंगठ्याचं नख मी कधी पूर्ण कापलं नाही, यावरून बायकोची आयुष्यभर बोलणी खाल्ली.

तर ती इमारत. मुंबईत, समुद्राच्या अगदी समोर. नाव सांगत नाही, तिथल्या लोकांना ते आवडणार नाही. शंभरीकडे झुकलेली, गोल सज्जांची, जहाजासारखी दिसणारी. तिथल्या जुन्या जमिनी दुरुस्त करायचं काम आम्हाला मिळालं. आम्हाला म्हणजे मला आणि दत्तूला. दत्तू उलव्याकडच्या कोळीवाड्यातला. बापाची होडी सोडून माझ्याबरोबर दगड धरला, तो शेवटपर्यंत सोडला नाही. कळंबोलीला लोखंडबाजाराच्या मागे आमचा गाळा होता. तिथून टेम्पोत मशीन, दगड, गोणी भरून आम्ही निघालो.

तळमजल्याच्या दिवाणखान्यासारख्या दालनात पाय टाकला आणि दोघांनीही नकळत चपला काढल्या. रखवालदार हसला. म्हणाला, "देवळात आलात काय?" पण हसण्यासारखं त्यात काही नव्हतं. हिरवी आणि सायीच्या रंगाची जमीन, काळी किनार, आणि लिफ्टच्या दारापासून निघून भिंतीपर्यंत पसरलेल्या पितळेच्या पट्ट्या, दोन पट्ट्यांमधलं अंतर सारखं वाढत गेलेलं. मी खाली बसलो, नख ओढलं. इतकी वर्षं झाली तरी बऱ्याच ठिकाणी अडत नव्हतं. त्या काळी आमच्यासारखं मशीन नव्हतं. एवढी जमीन माणसांनी गुडघ्यावर बसून हातदगडाने घासली होती. देखरेखीला असलेल्या आर्किटेक्टबाईंना मी विचारलं, ही माणसं कोण होती? त्या म्हणाल्या, बांधणाऱ्याचं नाव फाटकावर कोरलंय, नकाशा काढणाऱ्याचं कागदावर आहे, जमीन करणाऱ्यांचं कुठेच नाही. आपल्या आधी आपलंच काम कुणी एवढं चांगलं करून गेलंय, हे बघायला छाती लागते.

पहिल्याच आठवड्यात माझी फजिती झाली, तीही सांगून टाकतो. दालनातल्या एका फुटलेल्या तुकड्याला मी आजूबाजूच्या जमिनीशी हुबेहूब रंग जुळवला. सगळ्यांनी वाहवा केली. मग आख्खं दालन धुऊन घासलं, वर्षानुवर्षांचं पिवळं मेण निघालं, खालून मूळ रंग आला, आणि माझा तुकडा पिवळ्या दातासारखा एकटाच उठून दिसायला लागला. मी जमिनीशी नाही, मळाशी रंग जुळवला होता. दत्तू दोन दिवस माझ्याकडे बघून नुसता हसत होता. पण ती चूक फोडून पुन्हा ओतता आली. खरी चूक मी चौथ्या मजल्यावर केली.

खालचं काम बघून चौथ्या मजल्यावरच्या घराचं बोलावणं आलं. घर गुप्तेबाईंचं. वकिली केलेल्या, लग्न न केलेल्या, वडिलांच्या काळापासून त्याच घरात राहणाऱ्या. त्या स्वतः तेव्हा पित्ताच्या खड्यांच्या ऑपरेशनसाठी इस्पितळात होत्या. बोलावलं होतं त्यांच्या भाच्याने, अनिकेतने. पुण्याचा मुलगा, मनाने चांगला, पायांत कायम बूट. म्हणाला, "मावशी यायच्या आत जमीन नव्यासारखी करून टाका. तिला सरप्राइज द्यायचंय."

घर बघून मी पुन्हा गार झालो. बाईंच्या निजायच्या खोलीतल्या खाटेपासून एक पितळी पट्टी निघत होती. ती दाराच्या बरोबर मधून बाहेर यायची, मोठ्या खोलीतून सरळ जायची आणि सज्जाच्या दाराच्या बरोबर मधून समुद्राकडे निघायची. अर्ध्या वाटेवर तिला काटकोनात दुसरी पट्टी फुटून स्वयंपाकघराच्या दाराच्या मधोमध जायची. एका सुताचा फरक नाही. दारं लागण्याआधी, भिंती पुऱ्या होण्याआधी हे कुणीतरी मनात मोजलं होतं.

फक्त एक खोट होती. इतक्या वर्षांच्या वापराने जमीन झिजली होती, पितळ कमी झिजलं होतं. पट्ट्या केसाएवढ्या वर आल्या होत्या. नख चांगलंच अडायचं. मला तर हात शिवशिवायला लागले. चार दिवस आम्ही मशीन चालवलं, पितळ आणि जमीन एका पातळीत आणली, बारीक दगड फिरवला, पॉलिश केलं. शेवटी डोळे मिटून नख ओढलं, ते खाटेपासून सज्जापर्यंत लोण्यावरून गेल्यासारखं गेलं. रहीमचाचा असते तर पाठीवर थाप मारली असती.

आता आठवतं की घराने मला सगळं सांगितलं होतं. एकही गालिचा नव्हता. वाटेत साधी तिपाई नव्हती, सगळ्या खुर्च्या भिंतीला टेकलेल्या. निजायच्या खोलीतला दिवा गेलेला होता आणि तो कुणी बदलला नव्हता. मला एवढंच वाटलं की बरं झालं, सामान हलवायचा ताप वाचला.

बाई घरी आल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी अनिकेतचा फोन आला, "ताबडतोब या." मला वाटलं, कुठेतरी टवका उडाला असेल. जाऊन बघतो तर बाई खाटेवर बसलेल्या. पांढरी साडी, कपाळावर टेंगूळ, अनवाणी पाय जमिनीवर ठेवलेले. नजर माझ्याकडे नाही, माझ्या आवाजाकडे.

"तुम्हीच का मिस्त्री?"

"हो, बाई."

"माझं घर कुठे ठेवलंत?"

मला काहीच कळलं नाही. मग अनिकेतने सांगितलं. पंधरा वर्षांपूर्वी काचबिंदूने बाईंची दृष्टी पूर्ण गेली होती. सकाळ-संध्याकाळ कामाला एक बाई यायची, बाकी त्या एकट्या. कुणाचा हात न धरता घरभर फिरायच्या, चहा करायच्या, संध्याकाळी सज्जात जाऊन उभ्या राहायच्या. कशा, ते त्यांनी कुणाला कधी सांगितलं नव्हतं आणि कुणी विचारलंही नव्हतं. इस्पितळातून आल्यावर नेहमीप्रमाणे दारातच त्यांनी भाच्याचा हात सोडला, चार पावलं टाकली आणि स्वतःच्या घराच्या मधोमध हरवल्या. पाऊल पुढे टाकलं ते कपाळ थेट स्वयंपाकघराच्या चौकटीवर आपटलं.

त्या पट्ट्यांवरून चालत होत्या. केसाएवढ्या वर आलेल्या त्या पितळेचा हात धरून. आणि मी तो हात घासून काढला होता. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

अनिकेत चिडलेला नव्हता, घाबरलेला होता. म्हणाला, "मावशी, मी कधीपासून सांगतोय, एकटीने राहणं आता बास. कर्नाळ्याच्या अलीकडे चांगला वृद्धाश्रम आहे, मी खोली बघून ठेवलीय. पुढच्या रविवारनंतरच्या रविवारी मी गाडी घेऊन येतो."

बाई माझ्याकडे वळल्या. "मिस्त्री, तुम्ही पनवेलचे ना? कसं आहे तिकडे?"

खोटं बोलवेना. म्हटलं, "हवा चांगली आहे. झाडं आहेत, पक्षी आहेत."

"असतील. पण तिथली जमीन मला ओळखत नाही."

अनिकेत म्हणाला, आपण चिकटपट्टी लावू. बाईंनी वकिलासारखा एका वाक्यात निकाल दिला. "आठ दिवसांत ती सुटेल, माझा पाय अडकेल, मी पडेन, आणि मग तू म्हणशील, बघ." मला तोंड उघडायला जागा नव्हती, तरी उघडलं. म्हटलं, "त्या रविवारपर्यंत मला काम करू द्या. नाही जमलं तर खुशाल न्या." अनिकेत कबूल झाला. अट एकच, खाटेपासून सज्जा आणि स्वयंपाकघर, त्याच्यासमोर, कुणाचाही हात न धरता.

बोलून तर बसलो, पण करणार काय? घासलेलं पितळ वाढत नाही. पट्टी वर येत नसेल तर एकच उपाय, जमीन खाली न्यायची. पट्टीच्या दोन्ही बाजूंना वीतभर रुंद, अगदी उथळ, कडेला विरत जाणारी घळ घासायची. मशीनला ते साधत नाही. हातदगडच. दत्तूला सांगितलं तर तो माझ्याकडे बघतच राहिला.

"चालीस वर्सां आमी जमीन सरल करायला शिकलो, आनि आता तू बोलतंस वाकरी कर? डोका ठिकान्यावर हाय ना तुजा?"

"चूक माझी आहे, दत्तू."

"चूक कसली? काम एक नंबर हाय. उद्या कोन आला आनि बोलला, यो काम कोनचा, तं काय सांगशील?"

पण बडबडतच त्याने दुसरा दगड उचलला आणि तो माझ्या समोर बसला.

ते दहा दिवस मी विसरणार नाही. मी एका बाजूने, दत्तू दुसऱ्या बाजूने, आणि बाई खुर्चीवर, अनवाणी. हातभर झालं की त्या उठायच्या आणि पाऊल ठेवायच्या. "इथे मुकं आहे अजून." आम्ही पुन्हा घासायचो. "आता बोलतंय." माझ्या नखाला जो फरक कळत नव्हता तो त्यांच्या तळव्याला कळत होता. माझं हे नख चाळीस वर्षांचं, आमच्या लाइनीत त्याला मान होता, पण त्या तळव्यापुढे ते काहीच नव्हतं. मी बघतच राहायचो. कधी कधी दगड हातात धरून नुसता बसायचो, मग त्या म्हणायच्या, "मिस्त्री, थांबलात का? मला ऐकू येतं."

तिसऱ्या की चौथ्या दिवशी, मोठ्या खोलीत अर्ध्या वाटेच्या अलीकडे, त्या म्हणाल्या, "इथे नका घासू. इथे पट्टी कधी लागतच नसे."

"का बरं?"

"इथे बाबांची आरामखुर्ची असायची. खुर्चीखालून कोण चालणार? तीन पावलं काही लागत नाही, मग सज्जाची वाट सुरू होते. मी ती तीन पावलं मोजते आणि खुर्ची आता नाही, म्हणून वळसा न घालता सरळ जाते." मग हसून म्हणाल्या, "स्वयंपाकघराच्या दाराशी सगळ्यात जास्त लागायचं. आई दिवसभर तिथून आत-बाहेर करायची."

मी ज्याला झीज म्हणत होतो ते त्यांच्या घरातल्या माणसांचं चालणं होतं. आई कुठून गेली, वडील कुठे बसले, लहानपणी बाई आणि त्यांची बहीण कुठून सज्जाकडे धावल्या, सगळं त्या जमिनीत उतरलेलं होतं, आणि बाई ते पायाने वाचत होत्या. त्यावर मी चार दिवसांत मशीन फिरवून मोकळा झालो होतो, वर नख ओढून खूशही झालो होतो. त्याआधी किती घरांतलं चालणं मी असं पुसलं असेल, कोण जाणे. तिथली माणसं डोळस होती, म्हणून कुणी मला विचारलं नाही एवढंच.

ती तीन पावलं आम्ही सोडून दिली. स्वयंपाकघराच्या दाराशी खोल घासलं. दत्तू तोपर्यंत एवढा मनावर घेऊन बसला होता की बाईंनी 'झालं' म्हटलं तरी तो म्हणायचा, "आये, परत एकदा चाल ना. कसा लागतंय बोल."

रविवारी अनिकेत आला. गाडी खाली उभी, बाईंची बॅग दाराशी भरलेली. मी भिंतीला टेकून बसलो होतो. बाई खाटेवरून उठल्या, पाय पट्टीवर ठेवला, निघाल्या. दार ओलांडलं. मोठ्या खोलीत आल्या. वडिलांच्या खुर्चीची तीन पावलं टाकली आणि थांबल्या. पुढचं पाऊल पट्टीवर पडलंच नाही, बोटभर बाजूला पडलं. अनिकेत पुढे झाला तसा दत्तूने त्याचा दंड धरला. बाईंच्या अंगठ्याने जमीन चाचपली, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. मग अंगठा पट्टीवर बसला. त्या सरळ सज्जात गेल्या, कठड्याला दोन्ही हात लावून समुद्राकडे तोंड करून उभ्या राहिल्या, आणि बराच वेळ मागे वळल्याच नाहीत.

परत आल्या त्या अर्ध्या वाटेवरून वळून थेट स्वयंपाकघरात. आतून भांड्यांचा आवाज आला. दहा मिनिटांनी चहाचा एक कप हातात घेऊन आल्या आणि बरोबर माझ्यासमोर थांबल्या. "घ्या, मिस्त्री. साखर कमी असेल तर मागा. जमिनीबद्दल मात्र आता एक शब्द बोलायचा नाही." अनिकेतने बॅग उचलून परत खोलीत ठेवली. मी चहा घेत होतो आणि रडत होतो. दत्तू सगळ्यांना सांगत सुटला की याच्या डोळ्यात सिमेंट गेलाय.

पुढे पाच वर्षं बाई तिथेच राहिल्या. दर दिवाळीला त्यांचा फोन यायचा. "मिस्त्री, जमीन बरी आहे." एवढंच म्हणून ठेवायच्या. एका दिवाळीला फोन आला नाही.

मी आणि दत्तू आता निवृत्त आहोत, म्हणजे कुणी बोलावत नाही. गेल्या वर्षी मात्र अनिकेतचा फोन आला. घर भाड्याने द्यायचं होतं. बघायला आलेल्यांपैकी कुणीतरी म्हणालं होतं की जमीन पट्ट्यांजवळ खोलगट झालीय, कुणीतरी फार वाईट काम केलंय, आधी सपाट करून घ्या. "तुम्हीच केलेलं आहे, म्हणून तुम्हालाच विचारतोय," तो म्हणाला. दत्तूची भविष्यवाणी खरी ठरली. मी मशीन टेम्पोत चढवलं. घर त्याचं, जमीन त्याची. मी नाही म्हणणारा कोण?

दत्तूला टेम्पोपाशी थांबवून मी वर गेलो. अनिकेतने दार उघडलं. सवयीने मी आधी खाली बघितलं. पाय अनवाणी होते. इतक्या वर्षांत त्याचे पाय मी पहिल्यांदाच बघत होतो. मावशीच्या शेवटच्या वर्षभरात तो इथेच येऊन राहिला होता म्हणे. मला घर दाखवत तो बोलत चालला होता, एजंट काय म्हणाला, रंग कुठला द्यायचा. बोलता बोलता निजायच्या खोलीतून निघाला, मोठ्या खोलीत आला. खोली रिकामी होती, कुठूनही चालता आलं असतं. पण त्याचे पाय पट्टीवरच पडत होते, एकामागून एक. खुर्चीच्या जागी तीन पावलं, मग पुन्हा पट्टी. त्याला पत्ताही नव्हता.

मी कुठे बघतोय हे त्याच्या लक्षात आलं असावं. तो बोलायचा थांबला आणि त्याने खाली आपल्या पायांकडे बघितलं.

मी खाली बसलो, डोळे मिटले, पट्टीवर नख ठेवून ओढलं. अडलं.

सज्जाच्या खालून दत्तूची हाक आली, "ओ मिस्त्री! मशीन वर आनू काय?"

मी अनिकेतकडे बघितलं. त्याने 'नाही' अशी मान हलवली.

"नको रे," मी वरून ओरडलो. "काम झालंय."